रोलंड नावाचा ड्रमर: 'बिग ब्लॅक' या बँडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझं मंडप-साऊंडचं काम आहे. लग्नसराई संपली की गोदामात बेस आणि टॉप एकेक करून तपासायचे असतात. त्या वेळी मी 'बिग ब्लॅक' या अमेरिकन बँडची गाणी लावतो. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण आधी स्पीकरकडे बघतो, कॉईल जळाली की काय म्हणून. मग विचारतो, "हाई काय शे भो?" बँजो पार्टीतली पॅडवाली पोरं, धुळ्या-जळगावहून येणारे कॉलेजचे विद्यार्थी, गल्लीतले निवृत्त मास्तर, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हा बँड कुठला आणि केव्हाचा?

शिकागोला लागून असलेल्या इव्हान्स्टन गावात १९८१ साली सुरू झाला आणि १९८७ साली ठरवून बंद झाला. सुरू करणारा स्टीव्ह अल्बिनी तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पत्रकारिता शिकत होता. त्याचा जन्म १९६२ चा, कॅलिफोर्नियातला, पण तो वाढला मोंटाना राज्यातल्या मिझूला गावात, मोठ्या शहरांपासून फार लांब. तिथे शाळेत असताना त्याच्या कानावर रमोन्स हा बँड पडला आणि त्याला दिशा मिळाली. पुढे बिग ब्लॅकमध्ये सांतियागो दुरांगो दुसऱ्या गिटारवर आला. बेसवर, म्हणजे जाड सुराच्या गिटारवर, आधी जेफ पेझाटी होता, नंतर डेव्ह रायली. दुरांगो आणि पेझाटी हे दोघंही शिकागोच्या नेकेड रेगन या बँडमधले. आणि ड्रमवर रोलंड. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

नॉइज रॉक म्हणजे काय? हा तर नुसता गोंगाट वाटतो.

आमच्या धंद्यात माईकने शिट्टी मारली की पाहुण्यांच्या आधी साऊंडवाल्याच्या काळजात धस्स होतं. ती शिट्टी, अॅम्प्लिफायर फाटेपर्यंत ओढल्यावर येणारी खरखर, तार घासल्याचा किरकिराट, हे सगळं आम्ही आयुष्यभर दाबत बसतो. नॉइज रॉकवाले त्यालाच कच्चा माल मानतात. चाल आणि ताल असतात, पण गाणं उभं राहतं ते आवाजाच्या पोतावर.

याची मुळं साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या वेल्वेट अंडरग्राउंडपर्यंत जातात. ऐंशीच्या दशकात सॉनिक यूथ, स्वान्स, बटहोल सर्फर्स, बिग ब्लॅक असे बँड साधारण एकाच काळात उभे राहिले. प्रत्येकाचा आवाज निराळा. स्वान्स जड आणि संथ, सॉनिक यूथ मोकळा आणि लांब पल्ल्याचा. बिग ब्लॅक मात्र कारखान्यातल्या मशीनसारखा घट्ट, कोरडा आणि वेळेचा पक्का.

मोठा आवाज म्हणजे गोंगाट, हे खानदेशातल्या माणसाने तरी म्हणू नये. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी ज्याने पाहिली असेल, त्याने रात्रभर चालणारे ते मोठे ढोल छातीने ऐकलेले असतात. तिथे कुणी चाल कुठे आहे असं विचारत नाही.

रोलंड कोण? त्याचा फोटो कुठेच का दिसत नाही?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. रोलंड हे मशीन आहे. जपानच्या रोलंड कंपनीने १९८१ साली टीआर-६०६ नावाचं छोटं ड्रम मशीन काढलं. एकट्याने गिटार किंवा बेसचा रियाज करणाऱ्याला ठेका मिळावा, एवढाच त्याचा हेतू. अल्बिनीला मनासारखा ड्रमर मिळेना, तेव्हा त्याने हे मशीन घेतलं. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. इतर लोक असं मशीन माणसासारखं वाजावं म्हणून धडपडत होते. या बँडने ते मशीनसारखंच वाजू दिलं, मोठ्या अॅम्पमधून, गिटारच्या बरोबरीने. श्रेयनामावलीत वादकांच्या नावांशेजारी त्याचंही नाव छापलं: रोलंड. पुढे त्यांनी दुसऱ्या कंपनीचं मशीनही वापरलं, पण ड्रमरचं नाव तेच राहिलं.

आता आपल्याकडे या. खानदेशातल्या कुठल्याही बँजो पार्टीच्या गाडीवर पॅड वाजवणारा पोरगा बघा. त्याच्यासमोरच्या काळ्या पॅडवर बहुतेक वेळा तेच नाव असतं. ऑक्टापॅड याच कंपनीने १९८५ साली काढला, आणि आपल्या वरातींमधून ढोल-ताशाचा निम्मा भार त्याने उचलला. म्हणजे ज्या मशीनवर आपली हळद नाचते, त्याचा थोरला भाऊ शिकागोत सगळ्यात चिडक्या बँडचा ड्रमर होता. हे मी पॅडवाल्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. त्यातल्या एकाने बिग ब्लॅकचा ठेका दोन दिवसांत पॅडवर बसवला. मला म्हणाला, "भाऊ, यात ठेका सोपा आहे, पण थांबायला जागाच नाही." या बँडबद्दल याहून नेमकं मी अजून ऐकलेलं नाही. माणूस ड्रमर दमतो, श्वास घेतो, कडव्याच्या आधी थोडा सैल पडतो. रोलंड पडत नाही. त्याच्या त्या न थकण्याशी झुंजणारी तीन माणसं, म्हणजे बिग ब्लॅक.

गिटार पत्रा कापल्यासारखी का वाजते?

कारण ती धातूनेच वाजवलेली आहे. अल्बिनी प्लास्टिकच्या नख्यांऐवजी धातूच्या नख्या वापरायचा, त्याही खाच पाडलेल्या. एका फटक्यात तार दोनदा छेडली जाते आणि एक गिटार दोन वाटते. त्यात बास कमी, तिखटपणा जास्त. दुरांगोची गिटार त्याच्या शेजारी, तीही तशीच धारदार. जाडी फक्त बेसकडे. रायलीचा बेस नीट ऐका, गाणं त्याच्यावर तोललेलं असतं.

गिटारचा पट्टा अल्बिनी खांद्यावर न घेता कमरेला बांधायचा, कारागीर हत्याराचा पट्टा बांधतो तसा.

पहिली रेकॉर्ड कशी निघाली?

'लंग्ज' हे १९८२ चं सहा गाण्यांचं ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, अल्बिनीने जवळजवळ एकट्याने घरात केलं. चार ट्रॅकचा टेप रेकॉर्डर मित्राकडून उसना आणला, मोबदला म्हणून बिअरचं एक खोकं दिलं. दीड हजार प्रती काढल्या आणि प्रत्येक पाकिटात हाताने काहीतरी वेगळं टाकलं. कुणाला फोटो, कुणाला डॉलरची नोट, कुणाला घेणाऱ्याने तोंड वाकडं करावं असलं काही. अल्बिनीला स्वतःला ही रेकॉर्ड पुढे आवडेनाशी झाली आणि माझंही मत फारसं वेगळं नाही. पण एकट्या माणसाने, उसन्या मशीनवर, कुणाची परवानगी न मागता काय करता येतं हे बघायचं असेल तर ती ऐकावी.

त्यानंतर १९८३ च्या 'बुलडोझर'च्या पहिल्या दोनशे प्रती चक्क पत्र्याच्या वेष्टनात निघाल्या. आपल्याकडे मुलीच्या लग्नात पत्र्याची पेटी देतात, त्याच जस्ताच्या पत्र्याच्या.

बाकीच्या रेकॉर्डी कोणत्या?

'रेसर-एक्स' हे ईपी. १९८६ चा 'अॅटमायझर' हा पहिला पूर्ण अल्बम. १९८७ चं 'हेडेक' हे ईपी, आणि त्याच वर्षीचा दुसरा आणि शेवटचा अल्बम, ज्याच्या नावातच शिवी असल्यामुळे गोदामाच्या फळ्यावर मी त्याला फक्त 'दुसरा' लिहितो. 'अॅटमायझर' आणि 'हेडेक' एकत्र करून सीडी निघाली, तिचं नाव 'द रिच मॅन्स एट ट्रॅक टेप'. एट ट्रॅक ही तेव्हा नुकतीच बाद झालेली टेप, आणि सीडीही तशीच श्रीमंताची चार दिवसांची हौस ठरेल, असं त्यांचं म्हणणं. १९८७ साली जग सीडीच्या प्रेमात असताना हे बोलायला धाडस लागत होतं.

'केरोसीन' हे गाणं सगळे का काढतात?

कारण ते या बँडचं सर्वात मोठं काम आहे. 'अॅटमायझर'मधलं सहा मिनिटांचं गाणं. सुरुवातीला गिटार फुटक्या घंटेसारखी वाजते, मग खालून बेस येतो आणि पुढे सगळं पेटतं. विषय एवढाच: लहान गाव, करायला काही नाही, उरतं ते रॉकेल.

हे गाणं मला मोठ्या शहरातल्या लोकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटतं. चोपडा, पारोळा, शिरपूर, साक्री, कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. बारावी झालेली पोरं संध्याकाळी बसस्टँडवर उभी असतात. शेतात भाव नाही, एमआयडीसीत काम नाही, पुण्याच्या गाडीचं तिकीट काढायचं की नाही हे ठरत नाही. त्या रिकामपणाला आतून किती धग असते हे मी विशीत पुरेपूर अनुभवलंय. मी काही जाळलं नाही, पण गाणं ऐकताना मला ते पोरगं ओळखता येतं. अल्बिनी मिझूलात वाढला होता, बेसवाला रायली डेट्रॉईटकडून आलेला. त्यांनी ही गोष्ट पुस्तकातून उचललेली नव्हती.

विषय इतके भयानक का? पोरांना ऐकवावं का?

इथे मी घाईने उत्तर देणार नाही. त्यांच्या गाण्यांत खुनी येतात, बायकोला मारणारे येतात, वंशद्वेष्टे येतात, करमणूक म्हणून कत्तलखान्यात गुरं मरताना बघायला जाणारी पोरं येतात. गाणारा त्या माणसाच्या तोंडून बोलतो आणि बाजूला उभा राहून निषेध करत नाही. अल्बिनीची भूमिका अशी की वाईट माणूस आतून कसा दिसतो ते दाखवायचं, निवाडा ऐकणाऱ्याने करायचा. बऱ्याच गाण्यांत ते साधलं आहे.

सगळीकडे नाही. मिनेसोटातल्या जॉर्डन या गावी ऐंशीच्या दशकात मुलांच्या लैंगिक शोषणाचं मोठं प्रकरण गाजलं आणि त्यावर त्यांनी गाणं केलं. पुढे जवळजवळ सगळ्या आरोपींवरचे आरोप मागे घेतले गेले किंवा कोर्टात टिकले नाहीत. गाण्यात मात्र गाव अजून दोषीच आहे. ते वाजवताना मला हे आठवतं आणि मी ते क्वचित लावतो.

बँड संपल्यावर अल्बिनीने दुसरा बँड काढला, त्याला एका जपानी कॉमिकवरून बलात्काराशी जोडलेलं नाव दिलं. लोकांनी कार्यक्रमांच्या बाहेर निदर्शनं केली. ती योग्यच होती. शिमग्याच्या दिवशी शिव्या देणं वेगळं आणि बारा महिने तोच शिमगा चालवणं वेगळं. माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर आहे तो या गोष्टी असूनही, आणि त्याने पुढे जे केलं त्यामुळे. वय वाढल्यावर, विशेषतः २०२१ नंतर, त्याने जाहीरपणे कबूल केलं की हे बोलणं सोपं होतं कारण त्याची झळ आपल्याला बसणार नव्हती, दुसऱ्यांना बसत होती. कुणाला दोष न देता, सबब न सांगता कबूल केलं.

पोरांना ऐकवायचं तर शेजारी बसून ऐकवा आणि शब्द समजावून सांगा. माझ्या पुतण्याला मी सोळाव्या वर्षी ऐकवलं. त्याआधी नाही.

यांनी पैसे किती कमावले?

श्रीमंत झाले नाहीत, पण कुणाचे मिंधेही झाले नाहीत. करार नाही, मॅनेजर नाही, एजंट नाही. कार्यक्रम स्वतः ठरवायचे, रेकॉर्डिंगचा खर्च स्वतः करायचा, दौऱ्याची गाडी स्वतः चालवायची. आधीच्या होमस्टेड या रेकॉर्ड कंपनीशी बिनसलं, तेव्हा ते शिकागोच्या 'टच अँड गो'कडे गेले. ती कंपनी तोंडी शब्दावर चालायची. खर्च वजा जाता राहिलेला नफा निम्मा बँडचा, निम्मा कंपनीचा. दहा ओळींचा कागदही नाही.

मोठ्या कंपन्यांशी करार केला तर काय होतं, याचा हिशोब अल्बिनीने १९९३ साली 'बॅफलर' या नियतकालिकातल्या लेखात मांडला. तो मी आमच्याकडच्या दोन बँजो पार्ट्यांना वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत. चार जणांचा एक कल्पित बँड. कंपनी त्यांना अडीच लाख डॉलर देते. पोरांना वाटतं, नशीब उघडलं. पण ती असते उचल. त्यातून मॅनेजरचे साडेसदतीस हजार, वकिलाचे दहा हजार, रेकॉर्डिंगचे दीड लाख, मग व्हिडिओ, दौरा, कपडे. अल्बमच्या अडीच लाख प्रती खपतात. शेवटी कंपनीला सात लाख दहा हजार डॉलर सुटतात, प्रत्येक वादकाच्या हातात ४,०३१ डॉलर आणि २५ सेंट पडतात, आणि वर रॉयल्टीच्या खात्यात बँडवरच चौदा हजार डॉलर बाकी निघते.

हे ऐकून ढोलकीवाले काका म्हणाले, "म्हणजे ऊसतोडीचीच उचल." त्यांचा मामा कोयता घेऊन दर दिवाळीनंतर कारखान्यावर जायचा. उचल फिटली असं मुकादमाने कधी सांगितलंच नाही. कापसालाही तेच: बियाणं उधारीवर, खत उधारीवर, औषध उधारीवर, आणि वेचणी झाली की माप आणि भाव दोन्ही समोरच्याचा. अमेरिकेतला गिटारवाला आणि आपला शेतकरी यांचा हिशोब एकाच वहीत बसेल, हे त्या रात्री आम्हाला सगळ्यांना कळलं.

माझ्यापुरतं सांगतो. बिग ब्लॅकचा आवाज आणि त्यांची वही या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. आवाजाला गोड मुलामा नाही आणि हिशोबातही नाही. एकदा एका मोठ्या कार्यक्रमाच्या आयोजकाने आमच्याकडून कोऱ्या कागदावर सही मागितली होती. आम्ही सुपारी परत केली. त्या हंगामात तोटा झाला. ते धैर्य मला या लोकांमुळे आलं.

भरात असताना बंद का केला?

दुरांगोला कायद्याचं शिक्षण घ्यायचं होतं. हे आधीच ठरलं, म्हणून बँडनेही आधीच जाहीर केलं की १९८७ मध्ये थांबतोय. शेवटचा अल्बम तयार होता, नाव होत होतं, गर्दी वाढत होती. तरी थांबले. शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८७ ला सिएटलच्या जॉर्जटाऊन स्टीम प्लांटमध्ये झाला. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं वाफेवर चालणारं वीजकेंद्र, तेव्हा बंद पडलेलं. भुसावळजवळचं दीपनगरचं वीजकेंद्र डोळ्यांसमोर आणा, त्यातल्या जुन्या टर्बाइनच्या दालनात हा बँड वाजतोय अशी कल्पना करा. याहून योग्य जागा त्यांना मिळाली नसती. दुरांगो पुढे खरोखर वकील झाला.

परत एकत्र आले का?

एकदाच. २००६ साली 'टच अँड गो'ला पंचवीस वर्षं झाली त्या सोहळ्यात, चार गाण्यांपुरते. कंपनीने त्यांना चांगलं वागवलं होतं, त्याची परतफेड म्हणून.

अल्बिनीचं पुढे काय झालं?

तो साऊंडवाला झाला, आणि माझ्या दृष्टीने जगातला सर्वात प्रामाणिक साऊंडवाला. १९८८ मध्ये पिक्सीज, १९९३ मध्ये पीजे हार्वी आणि निर्वाणा, आणि त्याशिवाय हजाराच्या वर रेकॉर्डी त्याने ध्वनिमुद्रित केल्या. त्यातले बहुतेक बँड तुम्ही-आम्ही कधी न ऐकलेले, खिशात थोडे पैसे घेऊन आलेले. 'निर्माता' हा शब्द त्याला नको असायचा. 'ध्वनिमुद्रण: स्टीव्ह अल्बिनी' एवढंच.

निर्वाणाचं काम घेताना त्याने एक लाख डॉलर ठोक मजुरी घेतली आणि विक्रीतला टक्का नाकारला. त्या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या. टक्का घेतला असता तर जन्मभराची सोय झाली असती. त्याचं म्हणणं, मला प्लंबरसारखे पैसे द्या: मी काम करतो, तुम्ही त्याची किंमत द्या. मी दर लग्नाला ठरलेलं भाडं घेतो, आहेरात वाटा मागत नाही. ही गोष्ट मला समजावून सांगावी लागली नाही.

१९९७ साली त्याने शिकागोत 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' हा स्टुडिओ उघडला. त्याच्या भिंतींत कच्च्या मातीच्या विटा वापरल्या आहेत. माती जड असते, आवाज अडवते आणि खोलीचा घुमार मऊ ठेवते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरात बसून कुणी ओव्या म्हटल्या असतील तर तो आवाज आठवा. सिमेंटच्या स्लॅबखाली तो मिळत नाही. माईक वाद्यापासून थोडा लांब ठेवून खोलीचा आवाजही टिपायचा, ही त्याची हातोटी. मंगल कार्यालयात मी हे करून पाहिलं. सनईला फार छान लागू पडतं, भाषणाला अजिबात नाही.

वाजवणंही सोडलं नाही. १९९२ पासून 'शेलॅक' हा तिघांचा बँड चालवला, त्यात ड्रमर माणूस होता, टॉड ट्रेनर. ७ मे २०२४ ला अल्बिनी हृदयविकाराने गेला, ६१ व्या वर्षी. शेलॅकचा नवा अल्बम त्यानंतर दहाच दिवसांनी आला. बिग ब्लॅकचा बेसवाला डेव्ह रायली त्याआधीच, २०१९ च्या डिसेंबरात गेला होता. बातमी कळली तेव्हा मी एका हळदीत मिक्सरवर बसलो होतो आणि समोर पॅड वाजत होता.

यांचा वारसा कुठे ऐकू येतो?

मशीनचा ठेका आणि फाटलेली गिटार एकत्र वाजवणाऱ्या नंतरच्या कितीतरी बँडमध्ये. माणसांनी जोरात वाजवलेल्या ड्रमचा तो खोलीभर आवाज अल्बिनीने पुढे इतका रुजवला की नव्वदच्या दशकातल्या रॉकचा कानच बदलला. पण मला त्याहून मोठा वारसा वाटतो तो वहीचा. आपला खर्च आपण करायचा, निम्मं-निम्मं वाटायचं, शब्द पाळायचा, संपवायची वेळ आपण ठरवायची. आज अहिराणी गाणी करणारी पोरं मोबाईलवर रेकॉर्ड करतात, स्वतःच्या चॅनलवर टाकतात. त्यांच्यासमोर कुणी कागद सरकवला तर वर दिलेला उचलीचा हिशोब त्यांनी आधी वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात कुठून करू आणि कशावर ऐकू?

दुसऱ्या अल्बममध्ये जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या बँडचं 'द मॉडेल' हे गाणं त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलंय, तिथून. चाल ओळखीची आणि सोपी आहे, त्यामुळे गिटार काय करते ते लक्षात येतं. मग 'केरोसीन'. मग पूर्ण 'अॅटमायझर'. 'लंग्ज' सर्वात शेवटी.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बेस गायब होतो आणि नुसता पत्रा उरतो. दोन बऱ्यापैकी बॉक्स घ्या, इक्वलायझर सपाट ठेवा, एको पूर्ण बंद. आवाज आधी कमी ठेवून एक गाणं ऐका, मग वाढवा.

बॉक्स नसतील तर अमळनेरला या. आषाढी एकादशीनंतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत गोदाम मोकळंच असतं. पत्र्यावर पाऊस जोरात असला तर थोडं थांबावं लागतं, तो उघडला की लावतो.